१२० लॅपटॉप आणि एक वायफाय: ऑफिसभर सेटिंग एकदम कसं पाठवायचं

भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत नुकताच लागलेला एक मुलगा आहे, ओळखीतला, त्याचा मागच्या आठवड्यात फोन आला. म्हणाला, "दादा, एक जण नोकरी सोडून गेला म्हणून साहेब म्हणतायत वायफायचा पासवर्ड बदल. १२० लॅपटॉप आहेत. आता मी प्रत्येकाच्या टेबलावर जाऊन टाइप करत बसू का?" मी म्हटलं अजिबात नको बसूस, आणि मग अर्धा तास जे बोललो तेच इथं जरा सविस्तर लिहितोय, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाहीये. कुठल्याही एमआयडीसीत जा, आयटीला एक किंवा दोन माणसं असतात आणि लॅपटॉप शंभरच्या वर. एका लॅपटॉपला फक्त चार मिनिटं धरली, म्हणजे माणूस शोधायचा, तो मीटिंगमधून येईस्तोवर थांबायचं, पासवर्ड टाकायचा, तरी १२० लॅपटॉपचे सरळ ८ तास होतात. आणि जो त्या दिवशी नाशिकला साइटवर गेलाय त्याचा हिशोब यात धरलेलाच नाही.

तर सुरुवात इथून करू. आपण वायफायला पहिल्यांदा जोडतो तेव्हा लॅपटॉप पासवर्डाबरोबर अजून बरंच काही लिहून ठेवतो. नेटवर्कचं नाव काय, सुरक्षा कुठल्या प्रकारची, दिसलं की आपोआप जोडायचं की विचारून, हे सगळं मिळून एक छोटी फाइल होते आणि तिला प्रोफाइल म्हणतात. विंडोजमध्ये ही फाइल एक्सएमएल प्रकारची असते, नोटपॅडमध्ये उघडून वाचता येईल अशी. म्हणजे "शंभर लॅपटॉपवर वायफाय सेट करणं" याचा अर्थ शंभर ठिकाणी टायपिंग करणं असा नाहीच, एक फाइल नीट तयार करून ती शंभर ठिकाणी पोचवणं असा आहे. एकदा हे डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं, कारण मग प्रश्न दोनच उरतात, फाइलमध्ये काय लिहायचं आणि ती पोचवायची कशी.

सगळ्यात साधा मार्ग विंडोजमध्येच आहे, त्याला काही विकत घ्यावं लागत नाही. एका लॅपटॉपवर वायफाय हातानं नीट जोडून घ्यायचं, मग कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडायचा आणि नेटएसएच डब्ल्यूलॅन या कमांडनं ते प्रोफाइल एक्स्पोर्ट करायचं, फाइल हातात येते, दुसऱ्या लॅपटॉपवर तीच कमांड अ‍ॅड प्रोफाइल म्हणून चालवायची, झालं. पण इथं एक अशी जागा आहे जिथं जवळजवळ प्रत्येक नवीन माणूस अडकतो म्हणून ती जवळून दाखवतो. एक्स्पोर्ट करताना शेवटी की=क्लिअर असं लिहिलं नाही तर पासवर्ड फाइलमध्ये जातो पण कुलूपबंद होऊन जातो, आणि त्या कुलपाची किल्ली त्याच एका लॅपटॉपकडे असते. फाइल उघडून बघा, प्रोटेक्टेड नावाच्या ओळीत ट्रू लिहिलेलं दिसेल आणि खाली की मटेरियलच्या जागी लांबलचक अक्षरं-आकड्यांचा पट्टा. ही फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर टाकली की अ‍ॅड झाली असा मेसेज येतो, नाव यादीत दिसतं, सगळं व्यवस्थित वाटतं आणि कनेक्ट मात्र होत नाही. माणूस मग अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफायचा सिग्नल देणारा डबा) रीस्टार्ट करत बसतो, ड्रायव्हर अपडेट करतो, आणि चूक त्या एका शब्दात असते. की=क्लिअर लावलं की प्रोटेक्टेडच्या पुढे फॉल्स येतं, खाली पासवर्ड साध्या अक्षरात दिसतो, आणि फाइल कुठंही चालते.

साध्या अक्षरात दिसतो म्हणजे ती फाइल ज्याच्या हाती पडेल त्याच्या हाती ऑफिसचं वायफाय पडलं, हे मात्र विसरायचं नाही. बऱ्याच ठिकाणी लोक काय करतात, ही फाइल डोमेन सर्व्हरच्या (डोमेन म्हणजे ऑफिसचे सगळे लॅपटॉप आणि लॉगिन एका सर्व्हरच्या ताब्यात असतात ती मांडणी) सिसवॉल या शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवतात आणि लॅपटॉप सुरू होताना चालणाऱ्या स्क्रिप्टमधून ती प्रत्येकावर टाकतात. काम होतं, मी नाही म्हणत नाही. पण सिसवॉल हे फोल्डर डोमेनचं लॉगिन असलेल्या कुणालाही वाचता येतं, मग तो स्टोअरचा इंटर्न असो नाहीतर डायरेक्टर. पेनड्राइव्हवर घेऊन फिरलात तर तो पेनड्राइव्ह काम झाल्यावर पुसायचा, आणि पुसायचा म्हणजे खरंच पुसायचा.

आता डोमेन असलेल्या कंपनीत यापेक्षा नीटस सोय असते ती म्हणजे ग्रुप पॉलिसी. सर्व्हरवर कॉम्प्युटर कॉन्फिगरेशनमध्ये सिक्युरिटी सेटिंग्जच्या खाली वायरलेस नेटवर्क पॉलिसीज म्हणून एक जागा आहे, तिथं प्रोफाइल एकदा बनवलं की डोमेनमधला प्रत्येक लॅपटॉप ते स्वतःहून ओढून घेतो. लॅपटॉप साधारण दर ९० मिनिटांनी सर्व्हरला विचारतो काही नवीन आहे का, आणि सगळ्यांनी एकदम गर्दी करू नये म्हणून त्यात ० ते ३० मिनिटं वाढवली जातात. घाई असेल तर त्या लॅपटॉपवर जीपीअपडेट फोर्स ही कमांड चालवायची. असं आलेलं प्रोफाइल यादीत सगळ्यात वर बसतं आणि वापरणाऱ्याला ते खोडता किंवा बदलता येत नाही, आणि हा फायदा लहान नाही बरं का, कारण "सर मी काही केलं नाही, आपोआप गेलं" हे वाक्य रोज ऐकायला लागत नाही. त्याच पॉलिसीत कुठल्या नेटवर्कला जोडायचंच नाही तेही सांगता येतं, म्हणजे ऑफिसचे लॅपटॉप पाहुण्यांच्या वायफायवर जाऊन बसत नाहीत.

पण मजकूर भरायला बसलात की एक गोष्ट लक्षात येईल. या ग्रुप पॉलिसीच्या खिडकीत साधा पासवर्ड टाकायला जागाच नाही. सुरक्षेचा प्रकार निवडता येतो, पासवर्ड लिहायचा चौकोन नाही. त्या मुलाचा इथंच गोंधळ झाला होता, त्याला वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय. चुकत काही नव्हतं. ही सोय मुळात अशा ऑफिससाठी बनवलीय जिथं सगळ्यांचा मिळून एक पासवर्ड नसतो. आणि माझं प्रामाणिक मत विचाराल तर पन्नासच्या वर लॅपटॉप गेले की एक पासवर्ड सगळ्यांना हा प्रकार बंदच करावा.

का ते सांगतो. सगळ्यांचा एक पासवर्ड म्हणजे वाड्याच्या दिंडीदरवाजाची एकच किल्ली, तिच्या १२० नकला करून वाटलेल्या. एक भाडेकरू सोडून गेला की कुलूप बदला आणि पुन्हा १२० नकला काढा. शिवाय आजकालच्या फोनवर दोन बोटांत क्यूआर कोड निघतो आणि पासवर्ड या फोनवरून त्या फोनवर जातो, तुम्हाला पत्ता पण लागत नाही. आणि अजून एक, जे फार लोकांना माहीत नसतं: डब्ल्यूपीए२ मध्ये (वायफायच्या सुरक्षेचा एक नेहमीचा प्रकार) पासवर्ड माहीत असलेला माणूस, दुसऱ्याचा लॅपटॉप वायफायला जोडला जातानाचा सुरुवातीचा संवाद पकडू शकला, तर त्या लॅपटॉपची हवेतली वाहतूक उलगडू शकतो. सोडून गेलेला माणूस गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसला असेल आणि सिग्नल तिथवर येत असेल तर त्याला एवढं पुरतं. वेबसाइटची स्वतःची सुरक्षा वेगळी असते ते खरं, पण ऑफिसच्या आतल्या प्रिंटर, जुनं सॉफ्टवेअर, शेअर फोल्डर या सगळ्याला ती असतेच असं नाही.

यावर उपाय म्हणजे प्रत्येकाची ओळख वेगळी. याचं तांत्रिक नाव ८०२.१एक्स, आणि वायफायच्या सेटिंगमध्ये तो डब्ल्यूपीए२ एंटरप्राइज किंवा डब्ल्यूपीए३ एंटरप्राइज म्हणून दिसतो. नाव घाबरवणारं आहे पण काम आपल्या सोसायटीच्या गेटसारखंच चालतं. तुम्ही गेटवर येता, वॉचमन स्वतः काही ठरवत नाही, तो इंटरकॉमवरून वर विचारतो "अमुक आलेत, सोडू का?", वरून हो आलं की गेट उघडतो. इथं वॉचमन म्हणजे छताला लावलेला अ‍ॅक्सेस पॉइंट आणि वर बसून हो-नाही सांगणारा म्हणजे रेडियस सर्व्हर. हे रेडियस १९९१ मधलं, डायल-अप मोडेमनं इंटरनेटला जोडणाऱ्या लोकांची ओळख तपासायला बनवलेलं, आणि आजही तेच वापरतात. विंडोज सर्व्हरमध्ये ते एनपीएस नावानं येतं, लिनक्सवर फ्रीरेडियस आहे, फुकट आहे. परदेशी शिकायला गेलेल्या मुलांना विचारा, युनिव्हर्सिटीत एड्युरोम नावाचं वायफाय असतं, आपल्या कॉलेजच्या लॉगिनवर दुसऱ्या देशातल्या कॅम्पसमध्ये पण जोडलं जातं, तेही याच पद्धतीनं, फक्त तिथला वॉचमन तुमच्या मूळ कॉलेजला इंटरकॉम लावतो. भारतात ते अर्नेट, म्हणजे शिक्षण-संशोधन संस्थांचं नेटवर्क सांभाळणारी संस्था, चालवते.

ओळख पटवायचे दोन मुख्य प्रकार. एक, माणसाचं डोमेनचं नाव आणि पासवर्ड, याला पीप म्हणतात आणि आतमध्ये एमएस-चॅप व्ही२ नावाची जुनी पद्धत असते. दुसरा, प्रत्येक लॅपटॉपला त्याचं स्वतःचं सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरनं दिलेलं डिजिटल ओळखपत्र, याला ईएपी-टीएलएस म्हणतात, यात पासवर्ड नसतोच. पहिला सोपा म्हणून वर्षानुवर्षं चालत आला, पण २०१२ मध्ये मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन या सुरक्षा संशोधकांनी डेफकॉन या हॅकर परिषदेत दाखवून दिलं की एमएस-चॅप व्ही२ ची सगळी ताकद शेवटी डीईएस या जुन्या, कमकुवत कुलपाच्या एका किल्लीएवढीच आहे आणि ती मशीन लावून फोडता येते. म्हणजे ती पद्धत आता फक्त पीपनं तिच्याभोवती बांधलेल्या कुलूपबंद बोगद्याच्या जिवावर टिकून आहे. त्यात विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून एंटरप्राइज लॅपटॉपवर क्रेडेन्शियल गार्ड (साठवलेलं लॉगिन चोरीपासून जपणारी सोय) आपोआप सुरू व्हायला लागलं आणि पीपवाल्यांचं लॉगिनबरोबर आपोआप वायफाय जोडलं जाणं बंद पडलं, पासवर्ड विचारायला लागलं. नवीन बसवत असाल तर सरळ सर्टिफिकेटवर जा. डोमेन असेल तर सर्टिफिकेट वाटायचं काम सर्व्हर आपोआप करतो, ऑटो-एनरोलमेंट म्हणतात त्याला, तुम्ही फक्त परवानगी देऊन ठेवायची.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि हाच सगळ्यात जास्त लोक सोडून देतात म्हणून इथं थोडा थांबतो. सर्व्हर लॅपटॉपला ओळखतो ते झालं. लॅपटॉपनं सर्व्हरला ओळखायला नको का? नेटवर्कचं नाव कुणीही ठेवू शकतो. तुमच्या पार्किंगमध्ये एखाद्यानं छोटा अ‍ॅक्सेस पॉइंट ठेवला, नाव तुमच्याच ऑफिसचं दिलं, तर लॅपटॉपच्या दृष्टीनं तो तुमचाच वॉचमन. पीप असेल तर लॅपटॉप त्याच्यासमोर ओळख सांगायला लागतो आणि फोडण्यासारखा माल बाहेर जातो. म्हणून प्रोफाइलमध्ये तीन गोष्टी लिहायच्याच: सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासायचं, सर्व्हरचं नाव अमुकच असलं पाहिजे, आणि त्याचं सर्टिफिकेट अमुक रूट सर्टिफिकेटखालीच, म्हणजे आपला विश्वास असलेल्या मूळ सर्टिफिकेटच्या सहीचंच असलं पाहिजे. आणि चौथी, वापरणाऱ्याला "या नवीन सर्व्हरवर विश्वास ठेवू का?" असं विचारायचंच नाही, कारण विचारलं की तो हो म्हणतो, त्याला मीटिंगला जायचं असतं, त्याचा काही दोष नाही. गुगलनं २०२० च्या शेवटी अँड्रॉइड ११ च्या एका अपडेटमध्ये, आधी पिक्सेल फोनवर, सर्टिफिकेट तपासू नको हा पर्यायच काढून टाकला. कितीतरी ऑफिसांची तेव्हा धावपळ झाली, पण निर्णय बरोबर होता.

हे नाव तपासणं किती कडक असतं त्याचा अनुभव सांगतो. एका कारखान्याच्या ऑफिसात आम्ही जुना रेडियस सर्व्हर बंद करून नवा लावला. शनिवारी संध्याकाळी काम केलं, दोन लॅपटॉपवर तपासलं, चाललं, घरी गेलो. ते दोन लॅपटॉप आमच्या आयटीचे होते आणि त्यांच्यावर चाचणीची वेगळी पॉलिसी होती हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. बाकी सगळ्यांच्या प्रोफाइलमध्ये जुन्या सर्व्हरचं नाव लिहिलेलं. सोमवारी सकाळी नऊला लोक आले, झाकणं उघडली, आणि एकेका टेबलावरून तोच मेसेज, या नेटवर्कला कनेक्ट करता येत नाही. लॅपटॉप त्यांच्या जागी बरोबर होते, सांगितलेलं नाव दिसलं नाही म्हणून त्यांनी नकार दिला. आता पॉलिसीत नाव दुरुस्त करायला एक मिनिट लागलं, पण ती दुरुस्त पॉलिसी लॅपटॉपला मिळणार कशी, नेटवर्कच नाही तर! अकाउंट्समधल्या मॅडम जीएसटीचं काम अडलंय म्हणून लॅपटॉप उराशी धरून सर्व्हर रूमच्या दाराशी उभ्या, त्यांच्यामागे डिस्पॅचची दोन मुलं, आणि आमच्याकडे स्विचपर्यंत पोचणाऱ्या तीन केबल. एकेक लॅपटॉप केबलला लावून पॉलिसी ओढून देत होतो. शेवटी साडेअकराच्या सुमाराला सुचलं की आपल्याच सर्टिफिकेट सर्व्हरवरून जुन्या नावाचं सर्टिफिकेट काढून ते नव्या सर्व्हरला लावू. लावलं, आणि पाचेक मिनिटांत लॅपटॉप आपोआप जोडायला लागले. मग पॉलिसीत दोन्ही नावं लिहिली, मध्ये अर्धविराम देऊन, तशी सोय आहे, तीन आठवडे थांबलो, आणि त्यानंतरच नव्या नावाचं सर्टिफिकेट चढवलं.

म्हणून त्या मुलाला मी सगळ्यात आधी हेच लिहून घ्यायला लावलं की वायफायचं सेटिंग ज्या वाटेनं जातं ती वाट बहुतेक वेळा वायफायच असते. जुनं तोडायच्या आधी नवं पोचलं पाहिजे. पासवर्ड बदलायचा असो, सर्व्हर बदलायचा असो की सर्टिफिकेट, क्रम हाच. जुनं नेटवर्क चालू ठेवायचं, शेजारी नव्या नावाचं नेटवर्क उभं करायचं, त्याचं प्रोफाइल जुन्यावरूनच सगळ्यांना पाठवायचं, लॅपटॉप हळूहळू तिकडे सरकतात, आणि मग जुनं बंद. आणि सर्टिफिकेटची मुदत संपायची तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवायची, महिनाभर आधीची आठवण लावून, कारण ती संपली की वरचीच सोमवारची सकाळ पुन्हा.

अगदी नवा लॅपटॉप असेल तर त्याच्याकडे जुनंही काही नसतं. त्याला पहिलं नेटवर्क कुठून द्यायचं? केबलनं. पण आताच्या पातळ लॅपटॉपला केबलचं भोकच नसतं, म्हणून यूएसबीला लावायचे दोन-तीन लॅन अडॅप्टर आयटीच्या ड्रॉवरमध्ये कायम पाहिजेत. एक टेबल, आठ पोर्टचा एक स्विच, अडॅप्टर, एवढ्यावर दिवसाला वीस-पंचवीस लॅपटॉप डोमेनला जोडून, सर्टिफिकेट घेऊन तयार होतात. नाहीतर मायक्रोसॉफ्टचं विंडोज कॉन्फिगरेशन डिझायनर म्हणून साधन आहे, त्यात वायफायसकट सगळी सेटिंग एका पॅकेजमध्ये भरून पेनड्राइव्हवर घेता येतात, नवा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू झाला की लावायचा.

एक सेटिंग अजून, लहान दिसतं पण रोज छळतं. प्रोफाइलमध्ये ओळख कुणाची द्यायची हे निवडायचं असतं, माणसाची की लॅपटॉपची. फक्त माणसाची निवडली तर लॉगिन होईपर्यंत लॅपटॉपला वायफाय नसतं. मग नवीन जॉइन झालेल्या मुलीला जुन्या कुणाचा लॅपटॉप दिला, तिनं पहिल्यांदाच आपलं नाव-पासवर्ड टाकलं, तर लॅपटॉप सर्व्हरला विचारू शकत नाही आणि तिला आतच घेत नाही, ती बिचारी पहिल्याच दिवशी कोड्यात. लॅपटॉपची ओळख दिली असेल तर लॉगिनची स्क्रीन दिसते तेव्हाच वायफाय जोडलेलं असतं, रात्रीचे अपडेट पण येतात. माझी पसंती लॅपटॉपची ओळख, निदान "माणूस किंवा लॅपटॉप" असा जोडपर्याय.

घरून काम करणाऱ्यांना ग्रुप पॉलिसी व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित रस्ता) लावल्याशिवाय मिळत नाही, ही तिची मोठी मर्यादा. इंट्यून किंवा तसलं दुसरं एमडीएम, म्हणजे इंटरनेटवरून लॅपटॉप सांभाळायचं साधन, असेल तर लॅपटॉप इंटरनेटवरून कुठूनही सेटिंग घेतो, सांगलीतल्या घरून पण, विंडोजवर साधारण दर ८ तासांनी तो विचारून जातो. मॅक असतील तर त्यांनाही एमडीएममधूनच प्रोफाइल जातं. तिथं फक्त पाठवायचा क्रम बघायचा, आधी रूट सर्टिफिकेट, मग लॅपटॉपचं सर्टिफिकेट, मग वायफायचं प्रोफाइल. आधीचं पोचलं नाही तर वायफायचं प्रोफाइल अडकून राहतं आणि एरर नीट सांगत नाही.

कुणाचं जोडलं जात नसेल तर अंदाजानं बटणं दाबू नका. लॅपटॉपवर नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट चालवा, मागच्या तीन दिवसांचा आलेख असलेली फाइल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडा, कधी जोडलं, कधी तुटलं, कारण काय, लाल खुणांसकट. आणि एनपीएस सर्व्हरच्या इव्हेंट लॉगमध्ये ६२७३ नंबर शोधा, तो नकाराचा, त्यात कारण लिहिलेलं असतं. ६२७३ ची नोंदच नसेल तर विनंती तिथवर पोचली नाही नाहीतर सर्व्हरनं ती धरलीच नाही, म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंट आणि सर्व्हरमधला गुप्त शब्द चुकलाय नाहीतर फायरवॉलमध्ये १८१२ पोर्ट बंद आहे.

त्या मुलाचं काय ठरलं ते सांगतो. सोडून गेलेल्या माणसामुळे पासवर्ड तातडीनं बदलायचाच होता, म्हणून शेजारी नव्या नावाचं नेटवर्क केलं, त्याची फाइल स्क्रिप्टनं पाठवली आणि काम झाल्यावर स्क्रिप्ट आणि फाइल दोन्ही सर्व्हरवरून काढली. आता महिनाभरात सर्टिफिकेटवर जायचंय. पहिल्या आठवड्यात पाच लॅपटॉप, मुद्दाम वेगवेगळ्या कंपनीचे आणि एक तरी सगळ्यात जुना, मग एक अख्खं डिपार्टमेंट, मग बाकीचे. जुनं नेटवर्क कधी बंद करायचं याची तारीख मी त्याला दिली नाही. एक्सेलमध्ये १२० ओळी करायला सांगितल्या, लॅपटॉपचा नंबर, कुणाकडे आहे, नव्यावर दिसला का. नंतरचा फोन ठेवताना त्याच्या यादीत चार रिकाम्या होत्या, दोघं सेल्सचे दौऱ्यावर, एक मॅडम बाळंतपणाच्या रजेवर आणि एक लॅपटॉप कुणाच्याच नावावर नाही, तो स्टोअरच्या कपाटात सापडला.